पायातलं कुरूप, चामखीळ आणि वाटेत गळून पडलेल्या सूचना

आज इतिहासच बघायचाय, पण गडकिल्ल्यांचा नाही. तळपायाला येणाऱ्या एका छोट्या गाठीचा. पेणच्या बाजारात किंवा रोह्याच्या एसटी स्टँडवर कुणी लंगडत चालताना दिसलं आणि विचारलं, की उत्तर येतं, "काय नाय, पायात कुरूप झालंय." त्यावर आजूबाजूच्या चार जणांकडे पाच उपाय तयार असतात. बिब्बा लाव, रुईचा चीक लाव, चुना-सोडा लाव, ब्लेडने कापून टाक. आता त्यात रील्सची भर पडली आहे. हे उपाय आले कुठून आणि येता येता त्यांचं काय झालं, हा आजचा विषय.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. कारण आपल्याकडे तळपायावर जे काही टणक येतं, त्या सगळ्याला "कुरूप" म्हणतात. प्रत्यक्षात त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक खरं कुरूप, काही जण त्याला भोवरी म्हणतात. सतत दाब किंवा घर्षण झालं, चप्पल घट्ट असली किंवा हाड वर आलेलं असलं, की कातडी स्वतःच्या बचावासाठी जाड होते आणि मधे एक कडक खुंटी तयार होते. तो आजार नाही, संसर्ग तर नाहीच. दुसरी गोष्ट म्हणजे चामखीळ. ती विषाणूमुळे येते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मानेवर किंवा बोटावर आली की ती फुलकोबीसारखी वर उगवते, पण तळपायावर सगळ्या शरीराचं वजन पडत असल्यामुळे आत दाबली जाते. वरून सपाट आणि टणक, म्हणजे दिसायला कुरूपच.

ओळखायच्या दोन-तीन खुणा आहेत. बोटांच्या ठशांसारख्या रेषा तळपायावरही असतात. कुरूपावरून त्या सरळ पुढे जातात, चामखिळीपाशी तुटतात आणि तिला वळसा घालून जातात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. आणि चामखिळीत काळे ठिपके दिसतात. त्यांना लोक "मूळ" किंवा "बी" म्हणतात आणि सुईने उकरून काढायला जातात. ते मूळ नसतं. त्या रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या असतात. चामखिळीला मूळच नसतं, ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात राहते.

गंमत म्हणजे हा फरक आपल्या भाषेला फार पूर्वीपासून माहीत होता. "चामखीळ" हा शब्द संस्कृत "चर्मकील" वरून आलाय. चर्म म्हणजे कातडी, कील म्हणजे खिळा. कातडीत ठोकलेला खिळा! चर्मकील सुश्रुतसंहितेत आहे. तिथेच "मशक" आहे, ज्यावरून आपला "मस" आला. आणि पायाच्या कुरुपाला सुश्रुतात स्वतंत्र नाव आहे, "कदर". खडे टोचून किंवा काटा घुसून पायाला इजा होते आणि तिथे बोराएवढी टणक, मधे उंच, खिळ्यासारखी गाठ येते, असं त्याचं वर्णन. म्हणजे कदर इजेतून येतो हे कारणासकट नोंदवलंय आणि चर्मकील वेगळ्या अध्यायात ठेवलाय. आपण बोलीत दोघांना एकच करून टाकलं.

असं का झालं असावं याचा माझा एक अंदाज आहे. पेण आणि रोहा हा अनवाणी पायांचा मुलूख होता. पेणच्या खाडीकाठी मिठागरं होती. आगर म्हणजे मिठागर आणि त्यावरून आगरी, हे तुम्हाला माहीत असेलच. मिठागरात खाऱ्या पाण्यात, तापलेल्या वाफ्यात पाय. पावसाळ्यात खारभूमीतल्या भातखाचरात लावणीसाठी दिवसच्या दिवस चिखलात पाय. वरकस जमिनीत दगड आणि काटे. असा पाय आधीच जाड, भेगाळलेला, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेला. त्या जाड कातडीत चामखीळ आली तरी ती वेगळी कशी दिसणार? रेषाच दिसत नाहीत. मग एक शब्द सगळ्यांना पुरला.

आता उपायांकडे येऊ.

कदरासाठी सुश्रुत सांगतो, शस्त्राने कापून काढा आणि तापवलेल्या तेलाने डागा. चर्मकील, मस वगैरेंसाठी, शस्त्राने काढा आणि क्षाराने किंवा अग्नीने जाळा. ऐकायला भयंकर वाटतं. पण आज त्वचारोगतज्ज्ञ विजेच्या उपकरणाने चामखीळ जाळतात किंवा द्रव नायट्रोजनने गोठवतात, तेव्हा मूळ कल्पना तीच असते. बिघडलेला थर नष्ट करायचा.

यातला क्षार नीट समजून घ्या, कारण खरी गोष्ट इथे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार कसा बनवायचा यावर एक अख्खा अध्याय आहे. ठराविक झाडं जाळून राख करायची, ती पाण्यात कालवून गाळायची, त्यात भाजलेला चुनखडीचा दगड आणि शिंपले घालून आटवायचं. रसायनशास्त्राच्या भाषेत राखेतलं सौम्य कार्बोनेट चुन्याबरोबर मिसळलं की तीव्र दाहक अल्कली तयार होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये आलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीचं कौतुक केलंय. सौम्य, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे तीन प्रकार, तो लोखंडी भांड्यात ठेवायची सूचना, हे सगळं तिथे आहे.

आता आपल्या घरातला उपाय बघा. पानाचा चुना घ्या, कपडे धुण्याचा सोडा घ्या, कालवा, चामखिळीवर लावा. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोन्ही ओले एकत्र आले की तयार होतो कॉस्टिक सोडा, जो तुंबलेलं गटार मोकळं करायला वापरतात. म्हणजे चुना-सोडा ही आजीबाईची भोळी समजूत नाही. सुश्रुताच्या क्षारपाकाचीच ती स्वयंपाकघरातली धाकटी बहीण आहे. रसायन तेच.

मग अडचण कुठे आहे? त्या अध्यायात कृतीच्या मागेपुढे जे लिहिलं होतं, ते गळालं. क्षार किती वेळ ठेवायचा, तर शंभर मात्रा मोजून होईपर्यंत. जास्त जळलं तर काय दिसतं, कमी जळलं तर काय दिसतं. झालं की आंबट कांजी वगैरेंनी कसं शमवायचं. अल्कली शमवायला आम्ल, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. (आज असं भाजलं तर डॉक्टर आम्ल लावू नका म्हणतात, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा म्हणतात. तेच करा.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्षार कुणाला लावायचाच नाही याची लांबलचक यादी. लहान मूल, म्हातारं माणूस, अशक्त, गर्भवती, ताप असलेला. त्या यादीत "प्रमेही" सुद्धा आहे. प्रमेह हा लघवीच्या विकारांचा मोठा गट आणि मधुमेह त्यातलाच एक. डायबिटीसवाल्याच्या कातडीवर दाहक क्षार लावू नका, हे संस्कृतात लिहून ठेवलेलं आहे. रीलमध्ये नाही.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं. कुणीतरी इंटरनेटवरून दहा ओळी कॉपी करतं. ओळी चालतात. पण वर लिहिलेली "हे अमुक ठिकाणी वापरू नका" ही कॉमेंट कॉपी होत नाही. मग त्या दहा ओळी वीस प्रोजेक्टमध्ये फिरतात, एके दिवशी कुठेतरी धडाम होतं आणि सगळे म्हणतात, कोड तर जुना आणि पारखलेला होता. पारखलेला होता हो, सूचनांसकट.

बिब्ब्याचंही तसंच. बिब्बा आपल्या रानात होतो. पूर्वी परीट त्याच्या काळ्या रसाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायचे. गरम करून त्याचं तेल टाचेच्या भेगेत किंवा कुरुपावर टेकवायची पद्धत कोकणात आणि देशावरही आहे. बिब्बा, आंबा आणि काजू हे एकाच कुळातले. आंब्याचा डिंक ओठाला लागला की फोड येतात ना, त्याच जातीचं रसायन बिब्ब्यात आणि काजूच्या टरफलाच्या तेलात कितीतरी जास्त असतं. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, सोळाव्या शतकात. आणि कोकणी माणसाने त्याच्या टरफलाचं तेलही बिब्ब्याच्याच कामाला लावलं. आयुर्वेदात बिब्बा वापरण्याआधी त्याची शुद्धी करावी लागते. घरात कोण करतं? काही जणांना बिब्बा "उततो", म्हणजे अंगभर पुरळ आणि सूज येते. आणि रुईच्या चिकाचा हात चुकून डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालताना आपण ते रोज हाताळतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तरीही तुम्ही म्हणाल, आमच्या काकांची चामखीळ बिब्ब्याने गेली. गेली असेल. आणि घोड्याच्या शेपटीचा केस बांधून गेलेलीही माणसं भेटतील. तमिळनाडूत वैदीश्वरन कोइलच्या तळ्यात मीठ-मिरी टाकतात, त्यानेही चामखीळ जाते असं लोक मानतात. अमेरिकेत मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरमध्ये, १८७६ सालच्या पुस्तकात, दोन पोरं मेलेलं मांजर घेऊन स्मशानात जायची योजना आखतात, चामखीळ घालवायला! हे सगळे उपाय "लागू पडतात" याचं कारण एकच. चामखीळ पुष्कळदा आपली आपण जाते. १९६३ सालच्या एका अभ्यासात लहान मुलांच्या चामखिळींवर काहीच न करता लक्ष ठेवलं, तर दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश चामखिळी निघून गेल्या होत्या. शरीराच्या प्रतिकारशक्तीला उशिरा का होईना तो विषाणू दिसतो आणि ती त्याचा निकाल लावते. त्या आठवड्यात तुम्ही जे काही लावलेलं असेल, त्याला श्रेय मिळतं. मोठ्या माणसांच्या तळपायावर मात्र ती जास्त वर्षं चिकटून बसते, हेही खरं.

घोड्याच्या केसात थोडं तथ्य आहे, पण ते मानेवर लोंबणाऱ्या चामखिळीपुरतं. रक्तपुरवठा तुटून ती गळते. तळपायावर बांधणार कशाला?

आता थोडं युरोपात जाऊ, कारण चामखीळ लागण होऊन येते हे तिकडे सिद्ध झालं. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस चामखिळीचे प्रकार सांगताना एकाला ग्रीक भाषेतलं मुंगीवरून आलेलं नाव देतो. तळवे आणि तळपाय यांवर येणारी, खोल रुतलेली. त्यानंतर अठराशे वर्षं फारशी प्रगती नाही. १८९६ मध्ये याडासोन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने चामखिळीचा भाग दुसऱ्याच्या कातडीत टोचून चामखीळ उगवून दाखवली. पण नेमकं कशामुळे? १९०७ मध्ये इटलीतल्या जुझेप्पे चुफो याने चामखीळ कुटली, तिचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून काढला की जिवाणू अडकतील, आणि तो स्वतःच्या हातात टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखीळ आली. म्हणजे कारण जिवाणूपेक्षाही लहान होतं. विषाणू. १९४९ मध्ये तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला.

त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. हो, तोच, ज्याच्यावरची लस तुम्ही बातम्यांत ऐकली. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. १६ आणि १८ नंबरचे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे असतात. हे शोधल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. पायाच्या चामखिळीमागे बहुधा १, २, ४, २७, ५७ या नंबरचे प्रकार असतात. त्यांच्यापासून कॅन्सरची भीती नाही, आणि ती लस त्यांच्यासाठी बनवलेलीही नाही. एकाच आडनावाची माणसं, गावं वेगळी.

हा विषाणू धडधाकट कोरड्या कातडीतून आत जात नाही. त्याला बारीकशी चीर लागते किंवा पाण्याने मऊ झालेली कातडी. पावसाळ्यातले चार महिने आपल्याकडे पाय कसे असतात ते वर सांगितलंच. आता त्यात धाटाव एमआयडीसीत दिवसभर सेफ्टी शूज किंवा गमबुटात घामेजलेले पाय जोडा. आश्रमशाळा आणि हॉस्टेलची सामाईक न्हाणीघरं जोडा. रिसॉर्टचे स्विमिंग पूल जोडा. पुलाचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, पण नेदरलँड्समधल्या शाळकरी मुलांवर २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात लागण मुख्यतः घरातून आणि वर्गातून होते असं दिसलं. पूल मागे राहिला.

घरातून म्हणजे कशातून? माझा संशय वज्रीवर आहे. टाचा घासायची वज्री आपल्याकडे फार जुनी वस्तू आहे. महाराष्ट्रातल्या सातवाहनकाळच्या वस्त्यांच्या उत्खननात मातीच्या भाजलेल्या वज्री मिळतात. दोन हजार वर्षं आपण टाचा घासतोय! आणि बहुतेक घरांत मोरीत एकच वज्री असते, सगळ्यांसाठी. चामखीळ घासली की तिच्यातल्या विषाणूने भरलेल्या पेशी वज्रीच्या खाचांत बसतात आणि पुढच्या माणसाची घासून हुळहुळी झालेली टाच त्यांना आयती मिळते. तेव्हा ज्याला चामखीळ आहे त्याची वज्री, टॉवेल आणि स्लिपर वेगळी. सामाईक बाथरूममध्ये अनवाणी जायचं नाही. पाय, विशेषतः बोटांच्या बेचक्या, कोरड्या. चामखीळ उकरायची नाही, कारण ती नखातून दुसरीकडे जाते. एवढं पुरे आहे.

उपचारात आज पहिला नंबर सॅलिसिलिक अॅसिडचा. मुळात विलो झाडाच्या सालीवरून सापडलेलं, १८७४ पासून जर्मनीत कारखान्यात बनणारं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्ये आणि चामखिळीच्या पातळ औषधात तेच असतं. रात्री पाय पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात, वरचा पांढरा मेलेला थर हलक्या हाताने घासायचा, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन, मग फक्त चामखिळीवर औषध. रोज. बारा आठवड्यांपर्यंत. इथेच बहुतेक लोक गळतात. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही की "हे काय कामाचं नाही" म्हणून बिब्ब्याकडे.

गोठवण्याचा उपाय, म्हणजे उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन, जास्त आधुनिक वाटतो. तो हवा असेल तर आधी फोन करून कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारावं लागतं आणि पेण-रोह्याच्या माणसाला त्यासाठी बहुधा पनवेल गाठावं लागतं. पण २०११ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमध्ये २४० जणांवर तळपायाच्या चामखिळीसाठी दोन्ही उपायांची तुलना झाली, आणि बारा आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले दोन्ही गटांत सुमारे १४ टक्केच निघाले. इतकी ही चिवट. म्हणून दुखत नसेल, वाढत नसेल, तर वाट बघणं हाही डॉक्टरांनी मान्य केलेला पर्याय आहे. कुणी "एका बैठकीत मुळासकट" म्हणत असेल तर आठवा, मूळच नसतं.

आता ज्यांनी यातलं काहीच घरी करायचं नाही, त्यांच्याबद्दल. डायबिटीसमध्ये पायाच्या नसा बधिर होतात. चुना-सोडा किंवा बिब्बा लावला, भाजलं, खोल जखम झाली, तरी कळतच नाही. रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरत नाही. पुढे बोट जातं, कधी पाऊल जातं. साधी कॉर्न कॅपही अशा पायाला स्वतःहून लावायची नसते. तुमच्या घरात आई-बाबांना शुगर असेल तर त्यांच्या "कुरुपाची" चौकशी करा आणि आधी डॉक्टरला दाखवा.

बधिर पायाचं दुसरं कारण या जिल्ह्याला चांगलं माहीत आहे. कुष्ठरोग. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. कुष्ठरोगात बधिर तळव्यावर जाड कातडी येते, तिच्याखाली न दुखणारी जखम होते आणि माणूस ती कुरूप समजून चालत राहतो. तळपायावर काही आलंय आणि ते अजिबात दुखत नाही, सुई टोचलेली कळत नाही, तर ती चांगली बातमी नाही. दाखवायला जायचं.

आणि गंमत बघा, कुष्ठरोगाचा धागा पुन्हा चामखिळीपाशीच येतो. दिल्लीत डॉ. प्राण तलवार यांनी कुष्ठरोगासाठी एका निरुपद्रवी जिवाणूपासून लस तयार केली. त्या जिवाणूला आता त्यांचंच नाव आहे, मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रॅनाय. हीच लस भारतातले त्वचारोगतज्ज्ञ जुन्या, हट्टी चामखिळीत टोचून बघतात. काही जण त्याऐवजी गोवर-गालफुगीची एमएमआर लस टोचतात. जाळायचं काहीच नाही. फक्त झोपलेल्या प्रतिकारशक्तीला त्या जागी हाक मारायची. कित्येकदा एका चामखिळीत टोचलं की दुसऱ्या पायावरची, जिला हातही लावला नव्हता, तीही निघून जाते.